आतला खटका

आज सकाळी दूध आणायला खालच्या बकाल्यात गेले, तर दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसणारे म्हातारे अबू राशिद हात वर करून म्हणाले, "सुहैल आ गया, सिस्टर. गर्मी खलास, इन्शाल्ला." दर वर्षी ऑगस्ट संपायला आला की ते हेच म्हणतात, आणि दर वर्षी मी मनात म्हणते, कसली खलास! लिफ्टमधून बाहेर पाय टाकला की चष्म्यावर वाफ चढते, ओढणी मानेला चिकटते, जिन्याचा कठडा घामेजलेल्या हातासारखा ओला लागतो. एक तारा उगवला म्हणून उकाडा जाणार असता तर आणखी काय हवं होतं? पण त्यांनी ते म्हटलं की माझं दुधावरचं लक्ष उडतं. आजही सुट्टे पैसे काउंटरवरच विसरून आले.

आई त्या ताऱ्याला अगस्ती म्हणायची. पहाटे उठून आमच्या दुबईजवळच्या अजमानमधल्या बिल्डिंगच्या गच्चीवर जायची, पाण्याच्या टाक्यांमधून वाट काढत दक्षिणेच्या कठड्याशी उभी राहायची. शारजाच्या दिव्यांच्या जरा वर, अगदी खाली, तो दिसायचा. दिसला की हात जोडायची आणि मग त्यालाच झापायची. "एवढा समुद्र प्यायलास म्हणतात, मग ही हवेतली वाफ तेवढी पीत नाहीस होय रे!" मी हसायचे. तेव्हा हसायला काही लागत नसे.

नव्वदच्या दशकातला तो एक ऑगस्ट माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. त्या महिन्यात माझ्या धाकट्या भावानं, मोहननं, आईला घेऊन कॅनडाच्या पार उत्तरेला कायमचं राहायला जायचं नक्की केलं. टोरोंटो वगैरे नाही. टोरोंटोला काय, आमच्या बिल्डिंगमधली निम्मी कुटुंबं जायला बसलेलीच होती. हा निघाला होता त्याच्याही वर, जिथे रस्ते संपतात, झाडं संपतात, आणि नकाशा छापणाऱ्याची शाईसुद्धा संपते. माझ्या मुलीनं, ऋतानं, शाळेचा ॲटलास उघडून विचारलं, "मामा, व्हाय इज इट सो एम्प्टी?" मोहन म्हणाला, "म्हणून तर चाललोय." भारताएवढा मुलूख, आणि माणसं एका आमच्या नुऐमिया वस्तीच्या गल्ल्यांत मावतील इतकी. हे तो असं सांगायचा, जसं काही ते सगळं त्याच्या नावावर झालंय.

मोहन कोल्ड स्टोअरमध्ये सुपरवायझर होता. शारजाला बंदराजवळ मोठमोठ्या खोल्या, आत ब्राझीलची कोंबडी, न्यूझीलंडचं मटण, इराणची मासळी, आणि काटा कायम उणे अठरावर. बाहेर माणसं उन्हानं भोवळ येऊन पडायची आणि हा आत जाकीट घालून फिरायचा. लग्न जमलं नाही. मुली बघायला गेला की पहिल्यांदा वास पोचायचा, मग हा. तो स्वतःच तसं सांगून हसायचा. वडील गेल्यावर कऱ्हाडची भाड्याची जागा सोडली आणि त्यानं आईला आपल्या व्हिसावर इकडे आणलं. आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात. माझ्या नवऱ्याची पिठाची गिरणी होती, अजूनही आहे. भाजणी, थालिपीठाचं पीठ, उपासाची भाजणी, सगळ्या दुबईला आम्ही पुरवायचो. आई ज्वारी निवडायला आमच्याकडे येऊन बसायची आणि जेवायच्या वेळेला न चुकता समोर जायची. लेकीकडे चहा चालतो, जेवण नाही, असा तिचा कायदा.

"तिथे कोल्ड स्टोअरवाल्याचं काम काय रे?" माझ्या नवऱ्यानं विचारलं होतं. "देवानं सगळंच फ्रीझरमध्ये ठेवलंय की."

"तिथे उलटं आहे, भावजी. इथे मी माल गार ठेवतो, तिथे गोठू द्यायचा नाही. बटाटे, दूध, नळाचं पाणी, सगळं ऊब देऊन जगवायचं. पाइपसुद्धा गरम ठेवावे लागतात. यंत्रं तीच. माझ्यासारखा माणूस त्यांना पाहिजेच आहे." मग जरा थांबून म्हणाला, "आणि एकदा घेतला की परत जा म्हणत नाहीत."

त्याचं खरं दुखणं तेच होतं. इथे प्रत्येक मराठी घरात कपाटाच्या वर टीव्हीचं खोकं असायचं, मिक्सरचं, इस्त्रीचंसुद्धा, थर्माकोलसकट. व्हिसा संपला की त्यातच भरून परत जायचं म्हणून कोणी ती टाकत नसे. मुलं मोठी व्हायची, टीव्ही बिघडून भंगारात जायचा, खोकं आपलं जागच्या जागी. त्या ऑगस्टमध्ये मोहननं आपल्या घरातली सगळी खोकी उतरवली आणि पाय देऊन चपटी केली. "आता लागणार नाहीत. आता जिथे जाईन तिथलाच." आईनं धावत येऊन मिक्सरचं तेवढं वाचवलं. "असू दे रे. काय सांगावं!"

शुक्रवारची सुट्टी आली की तो आम्हाला सरावाला न्यायचा. हो, सरावाला. थंडीचा सराव! सगळं अजमान समुद्रात डुंबत असायचं आणि आम्ही त्या मरणाच्या उकाड्यात स्वेटर, मोजे, कानटोप्या पिशवीत भरून शारजाला कोल्ड स्टोअरमध्ये. आधी चिलर, मग फ्रीझर. आई नऊवारीवर मोहनचं जाकीट, पायात गमबूट, डोक्याला मफलर, हातात जपमाळ. मला हसू आवरेना. ऋता तर लोळायची बाकी राहिली होती.

फ्रीझरचं दार म्हणजे जाडजूड, वीतभर. ते मागे लागलं की बाहेरचं जग बंद. कॉम्प्रेसरची घरघर तेवढी. आईनं श्वास सोडला, तो पांढरा होऊन समोर उभा राहिला, तशी ती दचकली. मग तिनं वर पाहिलं. कापडात गुंडाळलेले अख्खे बकरे ओळीनं टांगलेले, कापडावर बर्फाची लव. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की स्वेटरमधून तिची नखं लागली.

"दार उघड मोहन. मला बाहेर जायचंय."

"अगं आई, हे बघ ना." त्यानं तिला दाराशी नेलं. दाराच्या आतल्या बाजूला एक गोल हिरवा खटका होता, अंधारात चमकणारा. "बाहेरून कोणी कुलूप जरी घातलं ना, तरी हा ढकलला की दार उघडतं. आतला माणूस आत अडकता कामा नये. आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे हा. मी सकाळी आलो की काटा नंतर बघतो. आधी प्रत्येक खोलीत जाऊन दार ओढून घेतो आणि हा खटका ढकलून बघतो. चल, तू ढकल."

आईनं दोन्ही हातांनी ढकलला. दार उघडलं, आणि बाहेरची गरम ओली हवा अंगावर आली. त्या दिवशी मला ती हवा पहिल्यांदा आवडली.

गाडीत बसल्यावर आईनं मफलर सोडून मांडीवर घडी घातली. मग म्हणाली, "कुलकर्णीबाईंना असंच ठेवलं होतं ना रे? असल्याच खोलीत?" त्याच उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई गेल्या होत्या. मुलगा त्यांना गावी न्यायचं म्हणत होता, कागद होईनात, आणि त्या हॉस्पिटलच्या शवागारात पडून राहिल्या. बिल्डिंगमधलं कोणी त्याबद्दल मोठ्यानं बोलत नव्हतं, पण सगळ्यांना रोज तेच आठवत होतं. "मला नाही हं ठेवायचं असं," आई म्हणाली. "गारठ्यात, त्या बकऱ्यांसारखं. जीव गेला की त्याच दिवशी मोकळं करायचं. असशील तिथे."

"आई, काय बोलतेस!"

"शपथ घे माझी."

मोहननं गाडी कडेला घेतली. हसत होता तो, पण हात तिच्या डोक्यावर ठेवला. "नाही ठेवणार. शपथ." मागच्या सीटवर मी होते. माझ्या समोर झालंय हे सगळं.

मी भांडले नाही असं नाही. कडाडून भांडले. म्हटलं, तुला मुलूख वसवायचाय तर तू जा बाबा, आईला कशाला ओढतोस? या वयात झाड उपटून लावतात का कोणी? आईला म्हटलं, तू माझ्याकडे राहा, व्हिसाचं आम्ही बघतो काहीतरी. माझा नवरा बिचारा खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "आई, मी मुलासारखाच आहे तुम्हाला." आई पदर सारखा करत म्हणाली, "आहातच हो. पण जावयाच्या दारी डोळे मिटले तर लोक मोहनला काय म्हणतील?" आता या अजमानमध्ये कोणते लोक बसले होते म्हणायला! पण ती लोकं आईनं कऱ्हाडहून सोबतच आणली होती, आणि पुढे घेऊनही गेली. मिक्सरचं खोकं मात्र माझ्या कपाटावर ठेवून गेली. "आले की नेईन."

फोन यायचा तो समुद्राखालून आल्यासारखा. आपलं वाक्य आपल्यालाच परत ऐकू यायचं. "अगं, इथे दुपारी दिवे लावतात," आई सांगायची. "सूर्य वर येतच नाही. कडेकडेनं येतो आणि तोंड दाखवून जातो."

"आणि तुझा अगस्ती?"

"कुठला अगस्ती! सूर्याचाच पत्ता नाही." मग हळूच म्हणाली, "तो इथून दिसतच नाही म्हणे. मोहन बोलला नव्हता मला."

शेजारी मार्था नावाची बाई होती, आईच्याच वयाची, तिथली मूळची. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षर कळत नसे, पण मार्था रोज यायची आणि दोघी खिडकीशी बसायच्या. तिनं आईला कातड्याचे बूट शिवून दिले. जन्मभर चामड्याला न शिवलेल्या आमच्या आईनं ते घातले. "पायाला ऊब लागली की सोवळं कुठलं गं!" मोहनकडून कळलं की मार्थाचं लहानपण बर्फावर तंबूत, शिकारीच्या मागे फिरण्यात गेलं होतं. मग सरकारनं त्या सगळ्यांना आणून या ओळीतल्या घरांत बसवलं, दारांवर नंबर टाकले आणि गाव वसलं म्हणून जाहीर केलं. मला ते ऐकून चीडच आली. रिकामा मुलूख, रिकामा मुलूख म्हणून नाचत होता हा, आणि तिथे माणसं होतीच की आधीपासून. नकाशावाल्यांना दिसली नव्हती, एवढंच.

जानेवारीत आई गेली. छाती भरली, ताप चढला, नर्सनं औषधं दिली, डॉक्टर विमानानं यायचा होता आणि विमान येईना. मोहनचा फोन आला तेव्हा मी गिरणीत होते, अंगभर पीठ. "ताई, आई गेली," म्हणाला. मी पहिलं काय विचारावं? मी विचारलं, "मोकळं केलंस ना?"

पलीकडे नुसती खरखर.

त्या गावात दहन नव्हतं. त्या अख्ख्या मुलखात नव्हतं. न्यायचं तर दक्षिणेला, विमानानं, आणि बाहेर वादळ. लाकडं रचून अग्नी द्यावा, तर तिथे झाडच उगवत नाही, लाकडाची फळीसुद्धा विमानानं येते. पुरायचं म्हटलं तरी जमीन दगडासारखी, कुदळ उडून अंगावर येते. हिवाळ्यात जो जाईल त्याला गावाच्या टोकाच्या लाकडी खोपीत ठेवतात, जमीन मऊ होईपर्यंत. आईला तिथे ठेवलं होतं. काटा उणे चाळीसच्या खाली.

मी फोनवर काय काय बोलले ते आता लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "ठेवलंसच ना तिला शेवटी फ्रीझरमध्ये!" आणि फोन आपटला.

लग्न झालेल्या लेकीला आईबापाचं सुतक तीन दिवसांचं. तीन दिवस झाले, मी न्हायले, गिरणी सुरू झाली. आणि तिकडे ती अजून खोपीतच. दुबईतल्या गुरुजींना दहाव्याचं विचारलं. ते चाचरले, म्हणाले, "दहन होऊ दे आधी, वहिनी. त्याशिवाय कसलं काय?" म्हणजे ती गेलेलीही नाही आणि राहिलेलीही नाही. मी पोळ्या लाटायचे, आई गारठ्यात. मी एसी लावायचे आणि उठून बंद करायचे. तो हिवाळा होता अजमानचा, लोक संध्याकाळी समुद्रावर फिरायला जात होते, हवा इतकी सुंदर की बघवेना. बाल्कनीच्या कठड्यावर मी भाताचा मुटका ठेवायचे. आमचे इथले कावळे, एरवी कोळंबीच्या सालांवरून मारामाऱ्या करणारे, त्या मुटक्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. शेवटी विमान आलं. तिला दक्षिणेला नेलं, अग्नी मिळाला. किती दिवस झाले होते ते मी मोजलेलं नाही, आणि कोणी सांगायला लागलं तर मी उठून जाते.

मोहनशी मी बोलणं टाकलं. त्याचे फोन माझा नवरा घ्यायचा, "बरी आहे, कामात आहे," म्हणायचा. तसे ऑगस्ट येत राहिले. अबू राशिद खुर्चीतून सुहैल आल्याचं सांगत राहिले. दुबईत समुद्र आत घेऊन त्याच्या काठानं उंचच उंच इमारती उठायला लागल्या. वाळूवर माणसं वसवायची म्हणे. वर्तमानपत्रात जाहिराती यायच्या, घर तुमचं, कायमचं. मी पान उलटायचे.

आणि मग अशाच एका ऑगस्टच्या अखेरीला मोहन दारात उभा. न कळवता. केस पांढरे, एका कानाची पाळी थंडीनं जळून काळी पडलेली. घामानं निथळत होता. त्याची सवय गेली होती ना उकाड्याची. मी दार उघडून तशीच उभी राहिले. नवरा मागून म्हणाला, "अगं, आत तरी घे त्याला." ताट वाढलं. तो जेवला. थालिपीठाचा वास घेऊन मगच तुकडा मोडत होता. त्याची नजर कपाटावरच्या मिक्सरच्या खोक्यावर गेली आणि तिथेच राहिली.

मला राहवेना. "शपथ घेतली होतीस तू. माझ्यासमोर."

"घेतली होती."

"मग?"

तो ताटात बघत बोलायला लागला. "ताई, खोपीत ठेवताना बघितलं, दाराला बाहेरून अडसर. वाऱ्यानं उघडू नये, कोल्हे-कुत्रे येऊ नयेत म्हणून. आतून काही नाही. नुसती फळी. मी म्हटलं, हे चालणार नाही." बोलता बोलता त्याचा आवाज कोल्ड स्टोअरमधल्या सुपरवायझरचा झाला. "लोखंड त्या थंडीत चालत नाही, हाताची साल निघते, तेल गोठतं. मग लाकडाचाच खटका केला. शाळेतल्या एका मोडक्या बाकाचं लाकूड मिळालं. मार्थानं कातड्याची वादी दिली, ती कडक होत नाही. आतून ढकललं की बाहेरचा अडसर उचलला जाईल असा बसवला. दोघांनी मिळून बसवला, मार्था टॉर्च धरून उभी होती. तिनं विचारलं नाही कशासाठी."

माझ्या हातातलं उलथणं तव्यावर तसंच राहिलं होतं. थालिपीठ करपल्याचा वास आला, तेव्हा नवऱ्यानं उठून गॅस बंद केला.

"मग रोज सकाळी कामावर जायच्या आधी जायचो. आत जायचो, दार ओढून घ्यायचो. आईजवळ उभा राहायचो थोडा वेळ. तिच्या पायात ते बूट होते. मार्था काढू देईना. छपरावर कावळे येऊन बसलेले असायचे, ताई. तिथले कावळे कोंबडीएवढे असतात. मग खटका ढकलून बघायचो."

बाहेर एसीचं पाणी टपटप पडत होतं. मी त्याच्या समोर बसले, किती वर्षांनी. त्याचा हात ताटातच होता, खरकटा, वाळत आलेला. मला विचारायचं होतं ते वेगळंच काहीतरी होतं, पण तोंडातून एवढंच आलं.

"उघडायचं का रे दार?"

"उघडायचं," मोहन म्हणाला. "रोज उघडायचं."